मागचा स्विच

आमच्या घरात कुणी नवीन वस्तू आणली की तिचं उद्घाटन मी करतो. म्हणजे ती पहिल्यांदा चालू व्हायच्या आत तिच्यात काहीतरी खोडी घालून ठेवतो. ताईनं वॉशिंग मशीन आणलं तेव्हा आत मोबाइल ठेवून दिला आणि बाहेरच्या खोलीतून फोन लावून मशीनच्या पोटातून दाजींना हाका मारल्या. दाजींच्या नव्या स्कूटरच्या सायलेन्सरला शिट्टी बसवली, ते कारखान्यापर्यंत वाजत गेले. पाच मिनिटं बोंबाबोंब, मग हसणं, मग चहा. पन्नाशी आली तरी ही खोड गेली नाही, आणि खरं सांगतो, ती जावी असं मला कधी वाटलंही नव्हतं. त्या शनिवारपर्यंत.

माझ्या भाचीला आम्ही खारू म्हणतो. लहानपणापासून सापडेल तो स्क्रू, नट, स्प्रिंग बरणीत भरून ठेवायची, खारीसारखी. आता एकोणीस वर्षांची आहे, पण बरण्या तशाच आहेत. तिला गेम खेळायला, आणि पुढेमागे स्वतः बनवायला, दणकट कॉम्प्युटर हवा होता. घ्यायचा यावर वाद नव्हता. तयार आणायचा की सुटे भाग आणून घरी जोडायचा, यावर महिनाभर घर पेटलं होतं.

दाजी डब्यांच्या कारखान्यात तपासनीस. माल नापास करणं हा त्यांचा धंदा. ते म्हणायचे, "तयार आणला की एक पावती, एक माणूस. बिघडला तर एकाचीच मान धरता येते. तू दहा भाग जोडणार, आणि बिघडला की दहा जण एकमेकांकडे बोट दाखवणार."

खारू म्हणायची, "तयार डब्याला बाहेरून लाल-निळे दिवे असतात, बाबा. आत पॉवर सप्लाय कसला घातलाय ते कुणी सांगत नाही. तुम्ही झाकण न उघडता कधी माल पास केलाय का?"

यावर दाजी पोळीचा तुकडा मोडत बसायचे. ताई नर्स आहे, तिचा एवढाच मुद्दा होता, "जेवताना पुन्हा डबा हा शब्द निघाला तर मी ताट घेऊन हॉस्पिटलात जेवायला जाईन."

शेवटी करार झाला. खारूनं स्वतःच्या हातानं जोडायचा. शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत चालू झाला, तर तिचा, आणि तिला पुढे जो यंत्रांचा कोर्स करायचा होता त्यालाही दाजींची ना नाही. नाही झाला, तर भाग दुकानात परत, सोमवारी तयार आणायचा, आणि कोर्सचं नाव काढायचं नाही. पंच मी. मी लिफ्ट दुरुस्त करतो, त्यामुळे घरात यंत्रातला माणूस म्हणजे मीच. "आणि मामा कुणाच्या बाजूचा नाही," दाजी म्हणाले, "तो फक्त मस्करीच्या बाजूचा."

शनिवारी मी दुपारपासून तिच्या खोलीत खुर्ची टाकून बसलो. तिनं जमिनीवर चादर अंथरली होती, त्यावर सगळे भाग ओळीत. बाजूला वही. वहीत सगळे टप्पे लिहिलेले, आणि एकेक झाला की पुढे बरोबरची खूण. ही दाजींची शिकवण. कारखान्यात ते सगळ्यांना हेच सांगतात, तपासलं की खूण, आणि खूण झाली की त्या टप्प्याकडे वळून बघायचं नाही, नाहीतर माणूस दिवसभर गोल फिरतो.

काय हात चालत होता पोरीचा. प्रोसेसर असा ठेवला की जणू झोपलेल्या बाळाला पाळण्यात ठेवतेय. त्यावर टूथपेस्टसारखी पेस्ट, त्यावर पंखा. मग रॅम, कट्कन. मग ग्राफिक्स कार्ड. मी दोनदा बिस्किटं खाल्ली, तिनं पाणीसुद्धा प्यायलं नाही. साडेपाचला तिनं वायर भिंतीत घातली, केबिनेटच्या मागचा पॉवर सप्लायचा छोटा स्विच दाबला, वहीत शेवटून दुसऱ्या ओळीपुढे खूण केली आणि म्हणाली, "हाताला पेस्ट लागलीय. धुऊन येते, मग बटण दाबू. मामा, हलू नकोस."

मी हललो. दीड हात. मागचा स्विच अंगठ्यानं बंद केला आणि परत बसलो. एवढंच. उद्घाटन.

ती आली, ओढणीला हात पुसले, पुढचं बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. ना पंखा, ना दिवा. मी गालातल्या गालात हसत होतो, तिच्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही. चूक तिथे झाली.

तिनं माझ्याकडे वळून सरळ विचारलं, "मामा, तू काही केलंस का?"

तेव्हा सांगायचं होतं. पण विचारल्या विचारल्या कबूल केलं तर मस्करी कसली? अजून दोन मिनिटं, म्हणून मी गळ्याची कातडी चिमटीत धरली. "गळ्याशप्पथ. तुझ्या."

तिनं मान डोलावली आणि कामाला लागली. विश्वास ठेवला हो. माझ्यावर. आणि तेवढ्यात दारात दाजी.

"अजून पंचवीस मिनिटं आहेत," घड्याळ बघून ते म्हणाले, "सावकाश कर." आणि पलंगावर बसले, अगदी केबिनेटच्या मागच्या अंगाला, स्विचपासून वीतभर.

आता माझी पाचावर धारण बसली. सांगावं तर दाजी म्हणणार, पंच म्हणून बसवला आणि पंचानंच डाव मोडला. शिवाय शपथ. म्हटलं गुपचूप परत चालू करू. चहाचा चमचा मुद्दाम पाडला आणि पलंगाखाली शिरलो.

"काय शोधतोयस?"

"चमचा."

"तो बघ, तुझ्या गुडघ्याखाली."

मग वायर ठीक करतो म्हणून वाकलो, तर खारू म्हणाली, "मामा, हात नको लावूस. सगळं मीच करायचं ठरलंय." नियमानं खेळत होती बिचारी. वायर भिंतीतून काढली, रॅम काढून बसवली, आतल्या सगळ्या जोडण्या एकेक करून दाबल्या, पुन्हा वायर घातली. पुन्हा काही नाही. मागचा स्विच तिनं बघितला नाही. आतली जोडणी सैल सुटू शकते, स्विच काही आपोआप बंद होत नाही, आणि त्याच्यापुढे खूण होती ना.

सहाला पाच कमी असताना ती थांबली. स्वतःचे हात उलटसुलट करून बघितले. "माझ्या हातून काहीतरी जळलं असेल, बाबा," ती म्हणाली. "तयारच आणू."

दाजी टोमणा मारतील असं वाटलं होतं. मारला असता तर बरं झालं असतं, मी भांडलो असतो आणि भांडता भांडता खरं ओकलो असतो. ते म्हणाले, "चालतं गं. सगळ्यांनाच सगळं येत नाही." आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मी चप्पल घातली आणि माझ्या घरी निघालो. चहासुद्धा न घेता. ताई जिन्यात भेटली, म्हणाली, "बरं नाही का?" म्हटलं, पित्त.

रविवारी तीनदा फोन हातात घेतला. तिन्ही वेळा मनाशी म्हटलं, आता सांगितलं तर शनिवारी का नाही सांगितलं ते विचारतील, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. दुपारी एका इमारतीतून बोलावणं आलं, लिफ्ट बंद. जाऊन बघतो तर कुणीतरी मेन स्विच पाडलेला. वॉचमन म्हणाला, पोरांची मस्करी असेल. मी त्याला अर्धा तास सुनावलं, पोरांना काही अक्कल आहे का, एखादी म्हातारी आत अडकली असती म्हणजे? तो बिचारा म्हणाला, "साहेब, मी नाही केलं." मी स्विच वर केला आणि निघालो.

सोमवारी दाजींच्या गाडीत मी मागे खारूशेजारी बसलो. कुणी बोलावलं नव्हतं, मीच गेलो. दुकानात जायच्या आत सांगायचं असं ठरवून गेलो होतो. केबिनेट तिच्या मांडीवर. वाटेत मी दोन विनोद केले. ती खिडकीबाहेर बघत होती.

दुकानदार चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला, "परत घेतो, पण आधी लावून बघतो हं." त्यानं वायर जोडली, बोलता बोलताच, न बघता, अंगठ्यानं मागचा स्विच दाबला, मग पुढचं बटण. पंखे फिरले. आतून निळा उजेड आला. दुकानातल्या पडद्यावर अक्षरं उमटली.

"उत्तम चाललंय की," तो म्हणाला. "मागचा स्विच राहिला होता. आठवड्यात दोघं तरी येतात असे."

दाजी हसले. साधंच हसले. पण खारूनं पिशवीतून वही काढली आणि ते पान काउंटरवर ठेवलं. "मी चालू केला होता. ही बघा खूण."

दाजींचं हसू गेलं. ते त्या खुणेकडे बघत राहिले. त्यांच्या कारखान्यात चुकीला माफी आहे, न तपासता केलेल्या खुणेला नाही. अशा खुणेपायी माणसं नोकरीवरून घरी गेलीत. "स्विच विसरणं वेगळं, खारू," ते हळू म्हणाले. "न करता खूण करणं वेगळं."

"मी केला होता, बाबा." मग आवाज उतरला. "मला वाटतं, केला होता."

त्या "मला वाटतं"नं माझं तोंड उघडलं. "तिनं केला होता. मी बंद केला. उद्घाटन म्हणून."

तर दाजी माझ्याकडे बघून म्हणाले, "राहू दे. तिची बाजू घेतोयस, चांगलं आहे, पण आत्ता नको."

"अहो खरंच. गळ्याश..." म्हणता म्हणता चिमटीत धरलेला गळा सोडून दिला. दुकानदार म्हणाला, "मामा भारी आहेत हो तुमचे, भाचीसाठी आळ घेतायत." आयुष्यभर थापा मारल्या, सगळ्यांनी गिळल्या. पहिल्यांदा खरं बोललो तर प्रेमळ ठरलो. याहून मोठी थोबाडीत बसलेली मला आठवत नाही.

खारू मात्र माझ्याकडे बघत होती. "मी कुठे होते तेव्हा?"

"हात धूत होतीस. नळ चालू होता. शीळ घालत होतीस."

ती एकटी असली की शीळ घालते, आणि कुणी ऐकतंय कळलं की थांबते. तिनं वही मिटली. "यानंच केलंय, बाबा," ती म्हणाली. माझ्याशी नाही, बाबांशी.

दाजींनी वही परत उघडली, खिशातलं पेन काढलं आणि तिच्या खुणेशेजारी स्वतःची सही केली, डब्यांवर करतात तशी. मग दुकानदाराला म्हणाले, "परत नाही द्यायचं. बांधून द्या." आणि जरा थांबून, "ते कोर्सचे फॉर्म कुठे मिळतात, तुम्हाला माहितीये का?"

परत निघताना खारूनं केबिनेट मागच्या सीटवर माझ्या जागी ठेवलं, त्याला पट्टा लावला आणि म्हणाली, "जागा नाहीये, मामा." मी चालत घरी गेलो. लांब आहे बरंच.

याला आता चार महिने झाले. ती बोलते, हसतेसुद्धा. पण त्या मागच्या स्विचवर ताईच्या औषधांच्या पेटीतली पांढरी चिकटपट्टी आडवी लावलेली असते, वर पेननं तारीख. मी गेलो की खारू आधी वाकून पट्टी बघते आणि मग मला बस म्हणते. नवीन वस्तू आली तर मला अजूनही बोलावतात, फक्त हात खिशात ठेवायला सांगतात. मी ठेवतो.

गेल्या आठवड्यात गेलो तेव्हा ती स्वयंपाकघरात होती. मी तिच्या खोलीत एकटा. बघतो तर पट्टीचं एक टोक सुटून लोंबत होतं. दाबून बसवावी म्हणून हात खिशातून निघाला. अर्ध्या वाटेतून मी तो परत आत घातला आणि हाक मारली, "खारू, पट्टी सुटलीय गं."

ती आली. अंगठ्यानं टोक चिकटवलं. "माहितीये," ती म्हणाली. "मीच सोडून ठेवली होती."

मग टेबलाशी बसली, वही ओढली आणि त्यात काहीतरी खूण केली. बरोबरची की चुकीची, ते मला खुर्चीवरून दिसलं नाही, आणि उठून बघायची माझी छाती झाली नाही.