पिवळा बर्फ

माझ्या पान्यांना दुसऱ्या कोणी हात लावलेला मला खपत नाही. भोसरीत पंधरा वर्षं आणि सिंगापूरमध्ये एकोणीस वर्षं मी हेच काम करतोय. सुलेखा, म्हणजे आमची ही, म्हणते की माझा अवजारांच्या पेटीवर जितका जीव आहे तितका घरात कोणावर नाही. असेल. पेटी उलटून बोलत नाही.

आमची कंपनी ट्रॅक्टरच्या लोडरसाठी हायड्रॉलिक पॅक बनवते. तेलाच्या दाबावर जड ओझं उचलणारा भाग म्हणजे पॅक. गिऱ्हाईक कॅनडातलं. तिथला शेतकरी हिवाळ्यात गुरांना गवताचे गठ्ठे याच्यावर उचलून घालतो, तेव्हा थंडीत हे चालतं की नाही ते आधी आम्हाला दाखवावं लागतं. बाहेर बारा महिने घाम गळतो आणि आम्ही एका खोलीएवढ्या पोलादी चेंबरमध्ये उणे पंचवीस डिग्री तयार करून बसतो. पोटासाठी माणूस काय काय करतो.

त्या दिवशी दसरा होता. क्षिप्राने डिझाइन केलेल्या नव्या मॉडेलची चाचणी होती. क्षिप्रा सत्तावीस वर्षांची, क्लेमेंटीत एक खोली भाड्याने घेऊन राहते, कामाला वाघीण आणि बोलायला मुखदुर्बळ. तिचा इथे काम करायचा पास दीड महिन्याने संपणार होता. वरून तिला स्पष्ट सांगितलं होतं की मॉडेल पास झालं तर पासचं नूतनीकरण, नाहीतर पुण्याचं तिकीट. मला हे माहीत होतं, लॅबचा इन्चार्ज लिम, त्याला माहीत होतं, चहाच्या मशीनलासुद्धा माहीत असेल.

नियम साधा. पॅक आणि त्याला जोडलेला लोडर रात्रभर उणे पंचवीसमध्ये ठेवायचा, सकाळी पाचशे किलोचं वजन पन्नास वेळा उचलायचं. गळती झाली तर एक संधी मिळते. चेंबरचं तापमान न वाढवता, शेतकऱ्याच्या पेटीत असेल तेवढ्याच सामानाने, तीस मिनिटांत तात्पुरती दुरुस्ती करायची आणि उरलेले फेरे पूर्ण करायचे. पण गळती का झाली ते अहवालात लिहावंच लागतं. कारण डिझाइनचं निघालं तर मॉडेल बाद, मग दुरुस्ती कितीही टिको.

अकराव्या फेऱ्याला तेल गळायला लागलं.

खिडकीच्या काचेतून मी ते बघितलं. होज, म्हणजे तेलाचा रबरी पाइप, जिथे पॅकला जोडला जातो त्या कपलरखाली तेलाची जाड, काळपट धार लोंबत होती. शेजारी ग्रेग उभा होता. हा गिऱ्हाइकाने पाठवलेला तपासनीस, स्वतः शेतावर वाढलेला. त्याने शांतपणे घड्याळाचं बटण दाबलं. "तीस मिनिटं," तो म्हणाला.

चेंबरमध्ये एकट्याने जायचं नाही, हाही नियमच. मी आणि क्षिप्राने जाड जॅकेटं चढवली, मी पेटी उचलली आणि आत गेलो. दार लागलं. पहिल्या श्वासालाच नाकातले केस कडक झाले. आतला माइक चालू होता, आमचं सगळं बोलणं बाहेर ऐकू जाणार होतं.

"वजन खाली," मी म्हणालो. क्षिप्राने वजन जमिनीवर टेकवलं, झडप उघडून दाब सोडला. काटा शून्यावर येईपर्यंत आम्ही दोघं हात मागे घेऊन उभे राहिलो. दाबाखालच्या तेलाची बारीक धारही कातडीतून आत शिरते, आणि मग बोट वाचत नाही. हे मी तिला इतक्या वेळा सुनावलंय की तिला झोपेतही आठवत असेल.

मग मी होज सोडवला, कपलरमध्ये टॉर्च मारला आणि तसाच थबकलो.

आतल्या खाचेत बर्फ होता. तेलात बर्फ कुठून येणार? पाणी शिरलं होतं, गोठून फुगलं होतं, त्याने होजचं टोक जागेवरून जरासं ढकललं होतं, आणि तिथूनच गळती. मला एका नजरेत कळलं. बर्फ पिवळा होता.

आदल्या दिवशी खंडेनवमी. माझी अवजारं पूजेशिवाय राहिली आहेत असं एकही वर्ष नाही. तीन वर्षांपूर्वी झेंडूची पाकळी फिल्टरमध्ये सापडली तेव्हा लिमने मला बजावलं होतं, "शिरीष, लॅबमध्ये नो मोअर फ्लॉवर्स, नो मोअर पावडर, ओके?" मी ओके म्हणालो होतो. आणि तरी दरवर्षी सकाळी सातला, कोणी यायच्या आत, पेटीला आणि चाचणीच्या यंत्राला हळदकुंकू लावत होतो. यंदा क्षिप्राला बोलावलं. तिचं पहिलंच मोठं यंत्र, म्हटलं तिच्या हातून होऊ दे. लिटिल इंडियातून आणलेला झेंडू तिने पेटीवर ठेवला, पॅकला हळदीचं बोट लावलं. तेवढ्यात बाहेर लिमचा आवाज आला. मी घाईघाईने पाण्याची बाटली घेतली आणि पॅकवरची हळद धुऊन काढली. होज अजून जोडायचा होता, कपलर उघडाच होता. वरून फडकं मारलं, आत बघितलं नाही. चौतीस वर्षं काम केलेल्या माणसाने आत बघितलं नाही.

"काय दिसतंय?" स्पीकरवर लिमचा आवाज आला.

मी टॉर्च आणखी आत धरला. क्षिप्रा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. तिनेही पिवळा रंग बघितला होता. ते बोट तिचंच होतं.

"सील," ती इंग्रजीत म्हणाली, स्वच्छ आवाजात. "माझी रबर रिंग थंडीत कडक झाली असावी."

मी तिच्याकडे वळून बघितलं. पोरीने स्वतःच्या हाताने स्वतःचं तिकीट काढलं होतं. बाहेर ग्रेग वहीत काहीतरी लिहीत होता.

"काका, पुसून टाका ते," ती मराठीत म्हणाली. बाहेर ऐकू जात होतं, पण मराठी कोणाला कळतंय.

"तुला अक्कल आहे का?"

"मला पुण्यात नोकरी मिळेल. तुम्हाला या वयात कोण ठेवणार इथे? पुसा ना. वेळ जातोय."

मला इतका राग आला की कान गरम झाले, उणे पंचवीसमध्ये. तिच्यावर नाही. तिला हे सुचेपर्यंत मी गप्प उभा राहिलो होतो त्याचा. आणि खरं सांगतो, माझ्या हातात फडकं होतं. हात खाचेपर्यंत गेलासुद्धा होता. एकदा पुसलं असतं तर संपलं असतं, अहवालात सील, कंपनीचं कार्ड माझ्या गळ्यात, आणि चांगी विमानतळावर तिला सोडायला मीच गेलो असतो, डबा घेऊन.

"गप्प बस आणि थर्मास दे," मी म्हणालो.

पेटीत माझा चहाचा थर्मास असतो. त्याचं झाकण मी कपलरखाली धरलं आणि स्क्रू ड्रायव्हरने पिवळा बर्फ खरवडून त्यात पाडला. चमचाभर असेल. झाकण पेटीवर ठेवलं आणि कामाला लागलो. बावीस मिनिटं उरली होती.

कपलर पुन्हा वापरण्यात अर्थ नव्हता, आतला पत्रा वाकला होता. तो सबंध काढून टाकायचा आणि होज साध्या पितळी जोडाने थेट पॅकला जोडायचा, एवढंच हातात होतं. शेतावर कोणीही हेच करेल. पण कपलरचे आटे आवळलेले, आणि थंडीने सगळं आखडलेलं. एक पाना क्षिप्राने धरला, दुसऱ्यावर मी अंगाचा भार टाकला. हलेना. पुन्हा टाकला. सुटला तेव्हा माझं कोपर मागच्या भिंतीवर आपटलं.

"चौदा मिनिटं," ग्रेगचा आवाज.

पॅकच्या तोंडाची खाच स्पिरिटने पुसली. नवी रिंग मी आत शिरल्यापासून काखेत धरून ठेवली होती, नाहीतर ती दगडासारखी होते आणि बसवताना चिरते. जाड हातमोज्यात रिंग पकडता येईना. दोनदा निसटली, दुसऱ्यांदा क्षिप्राने हवेतच झेलली. मी उजव्या हाताचा मोजा काढला.

"काका, नको."

"गप्प बस म्हटलं ना."

रिंग बसली. पितळी जोडाला बोट लागलं तिथे कातडी चिकटली, ओढून काढावी लागली. आग झाली, मग काहीच कळेना, ते जास्त वाईट. जोड आवळला, होज आवळला. क्षिप्राने झडप बंद करून हळूहळू दाब चढवला, मी जोडाखाली कोरडा पुठ्ठा धरला. पुठ्ठा कोरडा राहिला. दोन मिनिटं उरली असताना आम्ही बाहेर आलो.

मी जॅकेट काढलं नाही. थर्मासचं झाकण ग्रेगसमोर टेबलावर ठेवलं.

"सील नाही," मी म्हणालो. "लवकर बघा, वितळेल. ही हळद आहे. काल मी इथे पूजा केली आणि लपवायला पाण्याने धुतलं. पाणी आत राहिलं. डिझाइनचा यात काही संबंध नाही."

क्षिप्रा म्हणाली, "बोट मी लावलं होतं."

"तिला मी बोलावलं. पाणी मी ओतलं. अहवालात माझंच नाव लिहा."

लिम ओरडला असता तर बरं वाटलं असतं, मलाही ओरडता आलं असतं. अकरा वर्षं आम्ही एका टेबलावर जेवतोय. त्याने फक्त हात पुढे केला. मी गळ्यातलं कार्ड काढून दिलं.

ग्रेगने झाकण उचललं, वास घेतला. "आमच्याकडे दर हिवाळ्यात कोणीतरी यंत्र धुतो आणि सकाळी हेच होतं," तो म्हणाला. "कारण मान्य. पण फेरे पन्नास पूर्ण व्हायला हवेत. आणि दुसरी दुरुस्ती नाही. फक्त जोड आवळायची परवानगी, एकदाच." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्ही आता आत जाऊ शकत नाही."

फेरे सुरू झाले. मी काचेला नाक लावून उभा होतो. बाराव्यापासून मोजत होतो, ओठ हलवत, लहान मुलासारखा. तिसावा गेला. पस्तिसावा गेला. अडतिसाव्याला जोडाच्या खाली एक थेंब जमला. पडला नाही, नुसता जमला.

ग्रेगने यंत्र थांबवलं.

क्षिप्राने पुन्हा जॅकेट घातलं, लिम तिच्याबरोबर आत गेला. माझी पेटी आतच राहिली होती. तिने ती उघडली. प्रत्येक पान्यावर कालचं हळदकुंकू तसंच होतं. माइकचं बटण माझ्यापासून हातभर होतं आणि मला त्याला शिवायची परवानगी नव्हती.

आधी दाब सोड, मी मनात म्हणत होतो. दाब सोड, दाब सोड. घाईत भलेभले विसरतात. तिचा हात जोडाकडे गेला. मग ती थांबली, हात मागे घेतला, वजन टेकवलं, झडप उघडली आणि काट्याकडे बघत उभी राहिली. शून्य येईपर्यंत हलली नाही.

मग पेटीतून दोन पाने घेतले. एकाने जोड धरला, म्हणजे खालचा आटा फिरणार नाही. दुसऱ्याने आवळलं. पाव फेरा. तिथे थांबली. आणखी आवळावंसं वाटतं माणसाला, तिथेच पितळ फाटतं. तिने काचेकडे बघितलंसुद्धा नाही. तिला माझी गरज नव्हती. वाईटही वाटलं आणि ऊर भरूनही आला, दोन्ही एकदम.

थेंब पुन्हा जमला नाही. चाळीस. पंचेचाळीस. एकोणपन्नासाव्याला वजन वर जाताना जरा कुरकुरलं आणि लिमने डोळे मिटले. पन्नासाव्याला वर गेलं, खाली आलं, टेकलं. ग्रेगने घड्याळ बंद केलं आणि वहीवर सही केली. वहीत कारणासमोर माझं नाव होतं, पूर्ण, आडनावासकट. मी त्याच्या खाली सही केली. बधिर बोटांनी ती धड आली नाही.

लिमने माझं कार्ड खिशात टाकलं. "सोमवारी एचआर," तो म्हणाला. "आय डोन्ट नो हाऊ टु से, वी विल सी लाह." त्याच्या आवाजावरूनच कळलं की बघण्यासारखं काही उरलेलं नाही.

क्षिप्रा बाहेर आली. पापण्यांवर पांढरं हिम होतं, ते वितळून गालावर येत होतं, निदान मी तरी तसं समजलो. तिने पेटी माझ्यासमोर ठेवली आणि हातातला चोवीस नंबरचा पाना पुढे केला.

"काका, मी सीलचं खोटं बोलले ते तुमच्यासाठी."

"माहितीये मला."

पाना मी घेतला नाही. पेटीही तिच्याकडे सरकवली.

"पुढच्या वर्षी पूजा तू कर," मी म्हणालो. "पण पाणी नको. कोरड्या फडक्याने पूस."