चांदी तीच

“आगं माझे बाई! हितं हाईस व्हय तू?”

एवढं बोलून म्हातारी मटकन खाली बसली. गुळगुळीत फरशीवर तिनं दोन्ही तळवे टेकले आणि काचेच्या कपाटातल्या चांदीच्या मुखवट्याकडे बघत ती मोठ्यानं रडायला लागली.

उदयसिंह खराडे जागच्या जागी थिजले. कोल्हापुरात ताराबाई पार्कातल्या त्यांच्या बंगल्याचा वरचा मजला म्हणजे जुन्या चांदीचं संग्रहालयच होतं. आजवर तिथं मंत्री येऊन गेले होते, परदेशी अभ्यासक येऊन गेले होते. सगळे हात मागं बांधून, हळू आवाजात बोलत फिरायचे. असं गळा काढून तिथं कुणी रडलं नव्हतं.

तिच्याबरोबर आलेल्या टोपीवाल्या गृहस्थानं हात जोडले. “साहेब, रागावू नगा. मी हंबीरराव. गडहिंग्लजच्या पल्याड आमचं चिंचगोंडी. तितल्या देवस्थान कमिटीचा अध्यक्ष हाय. ह्या धोंडुबाई, देवीच्या पुजारीण. आमच्या मास्तरांनी कोल्हापुरात तुमच्या प्रदर्शनाच्या पोस्टरवर फोटू बघितला आन् गावात येऊन सांगितलं. ही आमची लक्कव्वा हाय. देवळातनं चोरीला गेलती, त्याला आता एक पिढी झाली.”

शिरोलीला उदयसिंहांची फाउंड्री होती. भंगार वितळवून पंपांची बॉडी ओतायचा वडिलांचा धंदा त्यांनी दसपट वाढवला होता. पण जीव सगळा चांदीत. त्याची सुरुवात या मुखवट्यानंच झाली होती. तरुणपणी एका मित्राबरोबर ते हुपरीला गेले होते. तिथं एका आटणीवाल्याच्या ओसरीवर जुन्या चांदीचा ढीग पडलेला. तोडे, वाळे, अत्तरदाण्या, समया, सगळं हातोड्यानं चेचून वितळवायला मुशीत टाकायचं चाललं होतं. त्या ढिगातून एक चेहरा त्यांच्याकडे बघत होता. उदयसिंहांनी भावही न विचारता तो उचलला आणि रुमालात गुंडाळून घरी आणला.

मग वेडच लागलं. ते मोडी शिकले, सोनारआळ्या पालथ्या घातल्या, राजघराण्यांच्या जामदारखान्यांतून फिरले, दोन जाडजूड ग्रंथ लिहिले. दिल्लीहून, लंडनहून लोक त्यांचं मत विचारायचे. पहिल्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर हाच चेहरा होता आणि आत त्याच्याखाली छापलं होतं, ‘देवीमुखवटा, कोल्हापूरचा दक्षिण भाग, बहुधा अठरावं शतक.’ तिला नाव होतं, हे आज पहिल्यांदा कळत होतं.

“खूण काय?” त्यांनी विचारलं. आपला आवाज कचेरीतल्या कारकुनासारखा आला, हे त्यांचं त्यांनाच जाणवलं.

धोंडुबाईंनी पदरानं नाक पुसलं. “उलटी करून बगा तिला. हनुवटीच्या आतनं सोनारानं डाग दिलाय. माझं नवं लगीन झालतं. पालखीतनं पडली आन् चीर गेली. सासऱ्यांनी गडहिंग्लजला नेऊन सांधून आणली.”

उदयसिंहांनी कपाटाला हात लावला नाही. तो डाग त्यांना पाठ होता.

पुढचे कित्येक दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. वकिलांनी सांगितलं, चोरी झाली तेव्हा फिर्यादच झालेली नाही, कुणी काही करू शकणार नाही. मित्रांनी सांगितलं, एखाद्या म्युझियमला देऊन टाका, भांडणच नको. पत्नी सरोजिनीबाई मात्र सरळ बोलल्या.

“तुम्हीच सांगत असता ना जगाला, मी हिला मुशीतनं वाचवली म्हणून? मग आता तिच्या घरी पोचवायला काय होतंय?”

“अगं, हळदीत बुडवतील. चिंच लावून खसाखसा घासतील. नाकाची धार आधीच झिजलीय.”

“घासू द्यात की. देवी कुणाची हाय, तुमची का त्यांची?”

उदयसिंहांनी स्वतःच हंबीररावांना फोन लावला.

गावकरी तीन जीपगाड्या घेऊन आले. ताराबाई पार्कात हलगी कडाडली, तेव्हा शेजारपाजारचे बंगलेवाले गच्चीवर येऊन बघायला लागले. उदयसिंहांनी मुखवटा धोंडुबाईंच्या ओटीत ठेवला आणि हंबीररावांना एकेक सूचना द्यायला सुरुवात केली. पावडर लावायची नाही. लिंबू-चिंच अजिबात नाही. धुतलेल्या धोतराच्या मऊ कापडानं पुसायचं. काचेची पेटी मी करून पाठवतो, तिच्यातच ठेवायचं.

“व्हय साहेब. जिवापाड जपू,” हंबीरराव म्हणाले. ते मनापासून म्हणाले.

वितळवू नका, एवढं सांगायचं मात्र उदयसिंहांच्या मनातही आलं नाही. लेक सासरी पाठवताना तिला मारून टाकू नका, असं कोण सांगतं?

वैशाखात चिंचगोंडीची यात्रा होती. हंबीरराव स्वतः आमंत्रण घेऊन आले. कैक वर्षांनी लक्कव्वा पालखीत बसणार, पहिला मान साहेबांचा, म्हणाले. उदयसिंहांनी भाषणाची तयारी केली. हा मुखवटा कुठल्या घडणीचा, कारागिरानं पत्रा आतून कसा ठोकून उठवला असेल, हे गावाला समजेल अशा भाषेत सांगायचं त्यांनी ठरवलं. गाडीत ते सारखे घड्याळ बघत होते.

“पहिल्यांदा लेकीकडं निघालेल्या बापागत चाललंय तुमचं,” सरोजिनीबाई हसल्या.

गावाच्या वेशीतच गाडी अडकली. भंडाऱ्यानं रस्ता पिवळा झालेला. हलग्या, शिंगं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आलेल्या माहेरवाशिणी. कार्यकर्त्यांनी दोघांना वाट करून देत देवळासमोरच्या मांडवात नेलं. पालखी सजून तयार होती. पुढ्यात धरलेलं शेवंतीच्या माळांचं जाळं कुणीतरी बाजूला केलं आणि ‘लक्कव्वाच्या नावानं चांगभलं’चा गजर उठला.

पालखीत एक चेहरा होता. मोठा, गोल, आरशासारखा चकचकीत. पांढऱ्या मिन्यात काळी बुबुळं बसवलेली, ओठांवर लाल रंग, कपाळावर छापाचं कमळ.

नवी केलेली दिसते मिरवणुकीसाठी, असं उदयसिंहांना वाटलं. शहाणपणाच केला. जुनी आत, गाभाऱ्यात असणार. ते मान वाकडी करून देवळाच्या दारातून आत बघायला लागले. गाभाऱ्यात समई होती आणि रिकामा चौरंग होता.

“हंबीरराव, जुनी कुठं ठेवलीय?”

“कुठली जुनी?”

“मी दिलेली.”

हंबीरराव तोंडभर हसले. पालखीकडे हात करून म्हणाले, “हीच की ती! चांदी तीच हाय, साहेब. गुंजभर बाहेर जाऊ दिली न्हाय. मूस पेटली तवा आमी पाच मानकरी उपाशीपोटी म्होरं बसलोतो. हलगी चालू, आरती चालू. आवो, चोराचा हात लागलेली, तीस वर्सं पूजेबिगर ऱ्हायलेली. शिवाय चिरलेली. तशी कशी बसवायची? आगीतनं काढल्याबिगर शुद्ध हुईत न्हाय, असं सगळ्या भावकीचं ठरलं. आन् बारकी बी हुती. मग घरटी एकेक जोडवं गोळा केलं. गावातल्या सगळ्या बायकांची जोडवी हायत तिच्यात. आता कशी भरल्या अंगाची दिसतीया!”

उदयसिंहांना पुढचं ऐकू आलं नाही. हलगीवाल्यांचे हात हलताना दिसत होते, पण आवाज कुठंतरी लांब, विहिरीच्या तळातून आल्यासारखा येत होता. त्यांनी सरोजिनीबाईंचा दंड धरला.

“अहो! बसा बघू आधी. पाणी आणा रे कुणीतरी.”

कुणीतरी खुर्ची सरकवली. ते बसले. आयुष्य भट्टीपुढं गेलेल्या माणसाला कल्पना करावी लागत नाही. धातू कसा जातो ते त्यांना ठाऊक होतं. आधी कडा मऊ होते आणि खचते. मग गाल उतरतो. डोळ्यांच्या पापण्यांसाठी कारागिरानं मारलेले बारीक टाके एकमेकांत मिसळतात. क्षणभर सगळा चेहरा घामेजल्यासारखा चमकतो आणि मग तिथं चेहरा नसतो, पाण्यासारखं काहीतरी थरथरत असतं.

व्याख्यानांत ते नेहमी एक वाक्य टाकायचे. जुनी चांदी उरत नाही, कारण प्रत्येक पिढी आपल्या आईची चांदी आटवून लेकीचे दागिने करते. या वाक्यावर लोक हमखास टाळ्या वाजवायचे. ते वाक्य आता त्यांना आठवलं.

ओरडावं, असं मनात आलं. तुम्ही काय केलंत कळतंय का, असं हंबीररावाची गचांडी धरून विचारावं. पण समोर हंबीरराव उभे होते ते शाबासकीची वाट बघत. घाम पुसत, डोळ्यांत आनंद घेऊन. त्या माणसाच्या चेहऱ्यावर पापाचा लवलेश नव्हता.

तोवर स्पीकरवर उदयसिंहांचं नाव पुकारलं गेलं. दोघांनी धरून त्यांना स्टेजवर नेलं. कुणी डोक्याला फेटा बांधला, कुणी शाल पांघरली, कुणी हातात नारळ दिला. “आपली आई परत देणारा हा देवमाणूस,” असं सूत्रसंचालक म्हणत होता. माइक पुढं आला.

तयार केलेलं भाषण उदयसिंहांनी केलंच नाही.

“तिचा डावा डोळा,” ते म्हणाले, “उजव्यापेक्षा जरा खाली होता.”

लोक एकमेकांकडे बघायला लागले.

“करणाऱ्याची चूक म्हणायचे सगळे. मला तसं कधी वाटलं नाही. खालच्या बाजूनं, तान्ह्या पोराच्या जागेवरनं बघितलं, की दोन्ही डोळे सारखे दिसायचे. कपाळ मधोमध झिजलं होतं. कुंकवाच्या बोटानं. किती बायकांची बोटं फिरली असतील, तेव्हा चांदीला तसा खळगा पडतो. नथीचं भोक नंतर पाडलेलं होतं. कुणीतरी हौसेनं पाडलं होतं, सरळ नव्हतं ते. आणि ओठ... ओठ मिटलेले होते, पण उजवीकडच्या कोपऱ्यात कारागिरानं एक बारका टाका जास्त मारला होता. त्यानं ती आता बोलेल, असं वाटायचं. मी तीस वर्षं वाट बघितली.”

मांडवात मागं पोरं हसत होती, ती गप्प झाली. पुढं बसलेल्या म्हाताऱ्या बायकांतून कुणीतरी “व्हय गं, व्हय” म्हणालं. मग आणखी कुणी. सत्तरीच्या पुढच्या चारसहा बायका होत्या तिथं, ज्यांनी अर्धं आयुष्य तो चेहरा पाहिला होता. त्यांतल्या एकीनं पदर डोळ्याला लावला.

“खाली हुता, डावा डोळा खाली हुता,” धोंडुबाई देवळाच्या पायरीवरून मोठ्यानं म्हणाल्या. “मी तेल-हळद लावत हुतो की तिला. मला ठावं हाय!”

हंबीरराव स्टेजच्या कडेला उभे होते. त्यांचं हसू हळूहळू मावळलं. ते पालखीतल्या नव्या चेहऱ्याकडे बघायला लागले. त्याचे दोन्ही डोळे एका रेषेत होते.

“एवढंच सांगायचं होतं,” उदयसिंह म्हणाले आणि त्यांनी माइक बाजूला केला. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

पायऱ्या उतरून ते खाली आले. आता थांबण्यात अर्थ नाही, गाडी मागवावी, म्हणून ते सरोजिनीबाईंना शोधत होते, तेवढ्यात गर्दीतून वाट काढत धोंडुबाई पुढं आल्या. म्हातारीचा चेहरा रडून सुजला होता.

“मूस पेटली तवा मी गेलो न्हाय तिकडं,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. “घरात कडी लावून बसलो. मला बगवलं नसतं. पर कुणाला सांगणार? सगळी म्हणत हुती शुद्ध करायची, तर ती इटाळाची न्हाय, असं मी एकटीनं कसं म्हणू?”

उदयसिंहांनी नारळ दुसऱ्या हातात घेतला.

“साहेब, तुमी तिला हातात घेत हुता न्हवं?”

“हो.”

“तोंडावरनं हात फिरवत हुता?”

“कधी कधी,” ते म्हणाले. असं करू नये, हे त्यांनीच आपल्या ग्रंथात लिहिलं होतं.

धोंडुबाईंनी त्यांच्या हातातला नारळ काढून सरोजिनीबाईंकडे दिला. मग त्यांचे दोन्ही हात धरले, तळवे वर केले, आणि वाकून आधी एका तळव्याला कपाळ टेकवलं, मग दुसऱ्याला.

उदयसिंहांनी दचकून हात मागं घ्यायला पाहिजे होते. एरवी ते कुणाला पायाला हात लावू देत नसत. पण आज त्यांनी हात तसेच राहू दिले. धोंडुबाई बाजूला झाल्या, तर त्यांच्या मागं दुसरी म्हातारी उभी होती. तिच्या मागं काठी टेकत आलेली तिसरी. एकेक म्हातारी पुढं यायची, तळहातावर कपाळ टेकायची आणि सरकायची.

तिकडं पालखी उठली. चांगभलंचा गजर झाला, हलग्या पुन्हा कडाडल्या, भंडाऱ्याचा पिवळा धुरळा मांडवभर उडाला. सगळं गाव त्या लखलखीत चेहऱ्याच्या मागं निघून गेलं. रिकाम्या मांडवात, कलंडलेल्या खुर्च्यांच्या मधे, डोक्याला फेटा बांधलेले उदयसिंह खराडे दोन्ही हात पुढं पसरून उभे होते, आणि शेवटच्या म्हातारीला नीट वाकता येईना म्हणून त्यांनी ते थोडे वर उचलले.