दोन मुठींची करवत

मी एक जुनी करवत आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो! पेटीत मावणारी, एका हाताने चालणारी करवत मी नव्हे. मी चांगली लांबलचक, दोन टोकांना दोन मुठी असलेली. एकट्याने धरले तर मी नुसती लवलवते आणि धरणाऱ्याचे हसे होते.

मला घडवणारा लोहार कानशीने माझे दात घासता घासता म्हणाला होता, "हिला ढकलायचं नाही, ओढायचं. समोरचा ओढेल तेव्हा आपला हात सैल सोडायचा." माझी सगळी विद्या एवढीच.

दोन मित्रांनी मला भागीदारीत घेतले. एक ताडमाड, दुसरा बुटका. सगळा बाजार त्यांना खांब आणि खुंटी म्हणे. खुंटीच्या वखारीत ओंडका लाकडी तिकाटण्यावर, म्हणजे घोडीवर, चढला की खुंटी पायाखाली खोके घेई आणि दोघांची तोंडे माझ्यापेक्षा जोरात चालत.

"अरे खांबा, वर काय बघतोस? ढग मोजतोस का?"

"तू खोक्यावरून पडू नकोस म्हणजे झालं. भुशात सापडायचा नाहीस!"

खुंटीची छोटी मुलगी त्याच भुशात लोळून खिदळे. संध्याकाळी दोघांपैकी ज्याची पाळी असेल तो मला धार लावायला घरी नेई.

मग शहर पेटले. खांबाचे लोक आणि खुंटीचे लोक एकमेकांच्या जिवावर उठले. भरदुपारी खांबाच्या लोकांचा घोळका वखारीत घुसला आणि त्यांनी ती पेटवून दिली. आदल्या संध्याकाळी पाळी खांबाची होती आणि त्या दिवशी काम बंद होते, म्हणून मी वखारीसमोरच्या त्याच्या घरात, दाराशेजारच्या खिळ्यावर होते. दारावर थापा पडल्या.

"खांबा, उघड! पोरगी आहे रे बरोबर!"

खांबाने कडीला हात घातला. कडी वाजलीसुद्धा. तेवढ्यात त्याची आई म्हणाली, "उघडलंस तर आपल्यालाही जाळतील." खांबाने हात मागे घेतला. थोड्या वेळाने थापा थांबल्या.

बापलेक मागच्या गल्लीतून निसटले. पण वाटेत एक पेटता वासा मुलीच्या अंगावर येत होता, तो खुंटीने हाताने अडवला. त्याच्या उजव्या हाताची बोटे कायमची आखडली.

पुढे शांतता झाली. मोठ्या माणसांनी दोन्हीकडच्यांना मैदानात बोलावून मिठ्या मारायला लावल्या, फोटो काढले. खांब गेला नाही, खुंटीही गेला नाही. मी खिळ्यावर गंजत राहिले. "भंगारात तरी दे ती," असे आई म्हणे. खांब ऐकून न ऐकल्यासारखे करी. दुसरा जोडीदारही त्याने शोधला नाही.

बऱ्याच वर्षांनी एका सकाळी पुन्हा थाप पडली.

"खांबकाका, उघडा. एकटीच आहे मी, घाबरू नका!"

केवढा टोमणा! खांबाने धावत दार उघडले. खुंटीची मुलगी आता चांगली उंच झाली होती.

"करवत द्या. अर्धी आमची आहे. आमच्या घराला अजून दाराच्या जागी पत्राच आहे. वखारीतला एक ओंडका आतून शाबूत निघालाय, पण त्यात जळक्या छपराचे खिळे रुतलेत. गिरणीवाला म्हणतो, माझं पातं तुटेल."

खांबाने मला तेल पाजले, दात घासले आणि खांद्यावर घेऊन तो तिच्या मागोमाग समोरच्या वखारीत गेला.

"ठेव आणि जा," खुंटी म्हणाला.

खांब फाटकापाशी जाऊन थांबला. खुंटीने आखडलेला हात फडक्याने माझ्या मुठीला बांधला. दुसरी मूठ मुलीने धरली, आणि दोन फेऱ्यांतच मी लाकडात अडकले.

"ओढ म्हटलं ना, ढकलतेस काय!"

"ओढतेच आहे की, बाबा!"

"हात सैल सोड गं," फाटकातून खांबाला राहवेना.

"एवढं कळतं तर या ना इकडे," असे म्हणून मुलीने सरळ मूठच सोडली. खांब आला आणि त्याने मूठ धरली.

पण मित्रांनो, एवढा मुरलेला गडी, तोही चुकला! खुंटीच्या हाताला ताण नको म्हणून तो त्याच्या वाट्याचा जोरही आपणच लावू लागला. ओढून झाले की परत ढकलू लागला. माझ्या पोटात बाक आला आणि मी पुन्हा अडकले.

"ढकलू नकोस!" खुंटी ओरडला. "माझ्या वाट्याचं मी ओढतो. तू तुझं ओढ!"

खांब मान खाली घालून उभा राहिला. "मी त्या दिवशी कडीला हात लावला होता रे."

"माहीत आहे. वाजलेली ऐकली मी. म्हणून तर जास्त लागलं."

"मला माफ करशील?"

"ते आज विचारू नकोस." खुंटीने फडक्याची गाठ दातांनी आवळली. "दार करायचंय मला. ओढ."

आणि मी चालू लागले. खिळ्यांनी माझे चार दात बोथटले, पण वरची काळी साल गेली आणि आतून पिवळेधमक लाकूड निघाले. ढग मोजायची थट्टा कोणी केली नाही. काम मात्र सरळ रेषेत झाले.

संध्याकाळी खांबाने मला भिंतीला टेकवले आणि तो निघाला.

"कुठे चाललास?" खुंटी म्हणाला. "ही बोथटलीय. धार लावायची पाळी तुझी होती ना? घेऊन जा. उद्या दुसरी फळी."

मी पुन्हा त्याच दाराशेजारच्या, त्याच खिळ्यावर आले.

खुंटीने माफ केले की नाही, ते मला सांगता येणार नाही. जळाले ते जळाले. पण मित्रांनो, एखादी गंजलेली करवत दिसली तर लगेच भंगारात देऊ नका. तिला तेल लावा, दात घासा, आणि दुसरी मूठ कोणाची होती तेवढे विचारा.