धातू असेल तर बाद

सायलीच्या आईच्या छातीतली गाठ हाताला लागली तेव्हा दुखणं काखेपर्यंत पोचलेलं होतं. त्यामुळं छातीचा कॅन्सर हाताला लागायच्या आधीच दाखवणारं नवं मशीन गुलमंडीमागच्या एका दवाखान्यात चाचणीसाठी आलंय, हे कळताच सायलीनं नाव दिलं. नवरा ऋतुराज कांद्याची गाडी घेऊन सुरतेला गेलेला. मग लासूर स्टेशनहून सोबत सासू आली, चतुराबाई. सून एकटी शहरात जाते म्हणजे काय!

"मायक्रोवेव्ह म्हणजे ती पापड भाजायची पेटीच ना?" तिनं मशीन चालवणाऱ्या मंजुषाला विचारलं. "सूनबाईला शिजवता का काय?"

"नाही हो मावशी. मोबाईलच्या असतात तसल्या लहरी. गाठीत पाणी जास्त, म्हणून तिथून त्या जोरात परततात आणि ठिपका दिसतो. दाबणं नाही, दुखणं नाही." मंजुषा सायलीकडं वळली. "फक्त अंगावर धातू नको. मंगळसूत्रपण काढा. धातूवरूनही लहरी तशाच परततात, ठिपका कशाचा ते कळत नाही. धातू असेल तर स्कॅन बाद."

"ते नाय निघायचं," चतुराबाई म्हणाली. "एक्स-रेवालीनं माझं काढायला लावलं, अन् त्याच आठवड्यात ह्यांना विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागला. माझं पोरगं गाडीवर हाय, बाई. सायली, पाठीवर टाक, पण काढू नको."

"व्हय, आत्या."

पडद्याआड जाऊन सायलीनं मंगळसूत्र काढलं आणि पर्समध्ये कोंबलं. आईचं मरण बघितलेल्या बाईला अर्धवट तपासणी नको होती. ती टेबलावर पालथी झोपली. टेबलाला भोक होतं, खालच्या भांड्यात तेलासारखं कोमट काहीतरी होतं, त्यात छाती बुडाली. मशीन गुणगुणत राहिलं. मंजुषा पलीकडं मशीनच्या स्क्रीनवर बघत होती. बडबडता बडबडता तिनं स्क्रीनवरचं चित्र मोठं केलं.

सायलीनं कपडे चढवले, मंगळसूत्र घातलं. तेवढ्यात मंजुषा आत आली आणि तिची नजर थेट गळ्यावर गेली.

"डावीकडं ठिपका आलाय. हे काढलं होतं का नव्हतं?"

मागोमाग चतुराबाई आत घुसली. "नाय काढलं! आमच्यात काढत नसतात."

"मावशी, त्यांना बोलू द्या."

सायलीनं सासूकडं बघितलं. काढलं होतं, एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यावर तिला आजच्या आज सोनोग्राफीला पाठवलं असतं.

"ठिपका म्हणजे काय वंगाळ हाय का?" म्हणत चतुराबाईनं पोराला फोन लावला. रिंग वाजत राहिली. तिनं परत लावला. परत रिंग. तिनं सायलीचा दंड धरला. "उचलत नाय गं. तू काढलं तर नाय ना? खरं सांग!"

सायलीच्या डोळ्यांपुढं घाटात उलटलेली गाडी आली. शिकलेली होती ती, तरी आली. ह्या असल्या भीतीला शिक्षण पुरत नाही. सासू ती भीती भाकरीसोबत रोज वाढते आणि सून मुकाट खाते.

"नाय काढलं," सायली म्हणाली.

तिसऱ्यांदा ऋतुराजनं उचलला. "जेवत होतो की आई, काय झालं?"

"काय नाय रे राजा, जेव!" चतुराबाई रडता रडता हसली. मंजुषाला म्हणाली, "बघितलं? काढलं नाय म्हणून!"

"मग काढून परत करू. पाच मिनिटं लागतील."

"आता हात तर लावून बघ!"

मंजुषानं सायलीकडं बघितलं. सायली फरशीकडं बघत होती. सुनेला सासूपासून बाजूला घेऊन विचारा, असा नियम त्या दवाखान्यात कुणाला सुचला नव्हता. मशीन मात्र परदेशी होतं. बाहेर बाया ताटकळल्या होत्या. मंजुषानं ठिपक्यासमोर 'धातू' असं टाईप केलं, खाली 'बाद' लिहिलं आणि पुढच्या बाईला हाक मारली.

बाहेर आल्यावर चतुराबाईनं सुनेला उसाचा रस पाजला. इतक्या मायेनं ती कधीच बोलली नव्हती. "गुणाची गं माझी बाई," म्हणत तिनं सायलीच्या तोंडावरून हात फिरवला.

सायलीनं सगळा ग्लास संपवला. पदराआड तिचा हात डाव्या छातीवर दाबून बघत होता. हाताला काहीच लागत नव्हतं.