मातीसकट

"चहा आहे की भांडी विसळलेलं पाणी?" सासूबाई कुरकुरल्या. दोन दिवस उलट्यांनी पिळून निघालेली बाई आज उशीला टेकून बसली होती आणि कपाला नावं ठेवत होती. मुलाला कोण आनंद झाला! सून मात्र कपाकडे नाही, सासूच्या डोळ्यांकडे बघत होती. कडेने पिवळट झाक चढली होती.

मघाशी वॉर्डाबाहेर डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही समजावलं होतं. हा उतार फसवा आहे. अळंबीचं विष आता यकृतात गेलंय. या वयात दुसरं यकृत बसवणंही झेपणार नाही. मुलाने ऐकलं आणि आत येऊन आईला चहा दिला.

रानातली अळंबी सूनच आणायची. माहेरी ती बुडापासून उकरून काढत. बुडाशी वाटीसारखी पिशवी दिसली की फेकून देत. सासरी पहिल्याच खेपेला सासूबाईंनी टोपली दाराबाहेर उपडी केली होती. "माझ्या ओट्यावर माती नको. वरूनच काप." तेव्हापासून सून सुरीने वरून कापत आली. वर्षानुवर्षं निभावलं. या खेपेला वाटी जमिनीतच राहिली आणि वरचा पांढराशुभ्र भाग कढईत गेला.

"चव बघते," म्हणत सासूबाईंनी कढई पुसून खाल्ली. त्या हावरटपणावर घरातली बाकीची माणसं जगली.

"हिला म्हणे रानातलं सगळं कळतं!" सासूबाईंनी कप बाजूला सारला. "सासूच बरी सापडली मारायला."

"आई, असू दे ना," मुलगा म्हणाला.

"तू गप रे, बायकोच्या बैला. का गं, ओळखता येत नव्हतं तर आणलंस कशाला?"

"ओळख बुडाशी असते, आई. मातीत."

"मग आणायची होतीस मातीसकट!"

सुनेने मुलाकडे पाहिलं. तो सलाइनचे थेंब बघत राहिला. त्याच्यासमोरच टोपली उपडी झाली होती. तेव्हाही तो असंच काहीतरी बघत होता.

"घरी गेले की पहिलं हिला स्वयंपाकघरातून बाहेर काढते," सासूबाई म्हणाल्या. "हो की नाही रे?"

"हो आई. तू आधी घरी तर चल."

सुनेने पदराने सासूची हनुवटी पुसली. हलक्या हाताने, बाळाची पुसावी तशी.

"नाही आई," ती म्हणाली. "तुम्ही आता घरी येणार नाही. तुम्ही यातून वाचत नाही."