बंद बूट

"मॅडम, या नंबरावर एकच मुलगी दिसतेय," कारकून म्हणाला.

"एकच कशी? मी स्वतः सहा अर्ज भरलेत."

त्याने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. कडेवरच्या लेकीने त्यावर थाप मारली. तिचा हात बाजूला करून मी पाहिलं. यादीत फक्त सहावी मुलगी होती. पहिल्या पाचांचा पत्ताच नव्हता.

विद्यापीठाच्या या उपक्रमात दहावीच्या मुली शनिवारी कार्यशाळेत यंत्रांवर हात बसवतात, पुढे कॉलेजात नि नोकरीत बुजायला नको म्हणून. मी समन्वयक, कंत्राटावरची. सहाही मुलींच्या घरचा फोन बापाबरोबर कामावर जातो, म्हणून सगळ्यांसाठी मी माझाच नंबर दिला होता. दरवेळी 'अर्ज जमा झाला' असा मेसेज आला. लेकीचा ताप तीनतीनदा मोजणारी मी, त्यावर निर्धास्त राहिले.

"एका नंबराला एकच अर्ज. नवा भरला की जुना पुसला जातो."

"हे लिहिलंय कुठे?"

"लिहायची वेळच आली नाही. प्रत्येकाचा आपापला नंबर असतो ना."

"मग त्या पाच जणींना आता घ्या."

"मुदत काल संपली, जागा भरल्या. माझ्या हातात काही नाही."

"तुमच्या हातात असतं तरी काय हो?"

त्याने शांतपणे पाण्याची बाटली उचलून दाखवली.

पहिला अर्ज वेल्डरच्या मुलीचा होता. शाळेत तिलाच सगळे वेल्डर म्हणायचे. आपला नंबर आधी लागावा म्हणून अर्ज भरायच्या दिवशी ती तासभर आधी येऊन बसली होती. आधी आली, म्हणून आधी पुसली गेली.

शाळेत जाऊन मी सांगितलं. बाकीच्या चुळबुळल्या. तिने एवढंच विचारलं, "ताई, माझ्या अर्जात चूक नव्हती ना?"

"नाही गं. माझी चूक."

तरी शनिवारी ती कार्यशाळेच्या दाराशी उभी. पायात भावाचे काळे बूट. बंद बुटांशिवाय आत प्रवेश नाही, असं पत्रकात होतं.

"तुला सांगितलं होतं ना मी?"

"हो. पण तुमचं अर्धं लक्ष छकुलीकडे असतं. मी सांभाळते हिला. तुम्ही आत जा."

"अगं, पण तू अशी बाहेर..."

"बाहेर बसायला कुठे अर्ज लागतो?"

लेक तिच्या कडेवर केव्हाच गेली होती.

आत यंत्र सुरू झालं. मी सवयीने दाराकडे पाहिलं. पायरीवर, जिथून आतलं दिसेल अशा बेताने ती बसली होती. लेकीने तिच्या ढगळ बुटात टाचेमागे बोटं घालून कागदाचा एक बोळा उपसला, मग दुसरा. तिने ते लेकीच्या मुठीतून हळूच सोडवून घेतले, अंगठ्याने पुन्हा आत दाबून बसवले, नाडी घट्ट आवळली आणि यंत्राकडे बघू लागली.