झोपलेली जैतुनं

"पोत्यांना हात लावू नकोस गं, झोपलीत ती."

एकतीस वर्षांपूर्वी सासूबाईंचा हा दबका आवाज ऐकला, तेव्हा नव्या नवरीला, आर्गिरोला, वाटलं होतं की गोठ्यात कुणाचं तान्हं बाळ आहे. होती जैतुनं, म्हणजे ऑलिव्हची फळं. झाडावरून उतरून दमलेली. दहा-बारा दिवस निजली की जास्त तेल देतात, अशी त्या घरची श्रद्धा.

सासूबाई गेल्या, पण आवाज मनूसोसच्या, तिच्या नवऱ्याच्या, कानात राहिला. ग्रीसमधल्या क्रीट बेटावरच्या त्या डोंगरगावात बाकी सगळे सकाळी झोडलेली जैतुनं संध्याकाळी घाण्यावर नेत. मनूसोस ती गोठ्यात रचायचा, वर घोंगडी पांघरायचा आणि गाढवाला ओरडू नको म्हणून समजवायचा.

यंदा हिवाळ्याच्या तोंडाशी ओल फार धरली आणि जैतुनावरची माशी माजली. एकाआड एक फळाला टाचणीएवढं भोक, आत गुबगुबीत अळी. असली फळं पोत्यात निजतात कसली, तापतात. अकराव्या दिवशी आर्गिरोनं पोत्यात हात घातला तर कोपरापर्यंत ऊब, आणि बोटांना पांढरी बुरशी. यांना दाढी फुटलीय, ती म्हणाली. वय झालं की फुटतेच, मनूसोस म्हणाला, आणि बाराव्या दिवशी पोती आणि तिला घेऊन घाण्यावर गेला.

घाणा आर्गिरोच्या भावाचा, सीफिसचा. गावाचं विकायचं सगळं तेल तिथल्या एकाच टाकीत जायचं, आणि यंदापासून ओतण्याआधी प्रत्येकाचं चाखायचं ठरलं होतं. चाखणारी एवान्थिया, गावचीच मुलगी, शहरातून तेच शिकून आलेली. तिनं मनूसोसच्या तेलाचा निळा पेला तळहातात उबवला, हुंगला, घोट घेतला आणि खिडकीशी जाऊन बराच वेळ समुद्राकडे बघत राहिली.

"काका," ती शेवटी अदबीनं म्हणाली, "यात अळी आहे, बुरशी आहे आणि गोठासुद्धा आहे. गाढवाचा रंग तेवढा कळत नाही."

घाण्यावरची माणसं हसली. मनूसोस हसला नाही. तो ताडताड घरी गेला आणि स्वयंपाकघरातली तेलाची बाटली घेऊन आला. गेल्या सालचं तेल, त्याच झाडांचं, असंच निजवलेलं. हे चाख म्हणाला.

एवान्थियानं चाखलं. घशाशी झणका लागून दोनदा खोकली आणि डोळे मिटून हसली. ताजं गवत, कच्चा बदाम, हिरवं टोमॅटोचं पान. गावात याच्या तोडीचं तेल नाही, म्हणाली.

सीफिस पुसलेलंच यंत्र पुन्हा पुसायला लागला. आर्गिरोनं डोक्यावरचा रुमाल उगाच सोडून बांधला. लग्नाच्या पहिल्याच हिवाळ्यात तिनं सासरचं तेल एकदा जिभेला लावलं होतं, आणि तेव्हापासून घरातला डबा ती गुपचूप भावाच्या तेलानं भरत आली होती.

मनूसोसचा हिशेब मात्र सरळ होता. झाडं तीच, पोती तीच, झोप तीच. म्हणजे नासवलं ते घाण्यानं. त्यानं मेव्हण्यासमोर बोट नाचवलं. आजपासून या दारात माझं पाऊल नाही, तुझ्या ताटात माझा हात नाही, आणि माझ्या घरचं कुणीही इथं येणार नाही. ऊठ आर्गिरो.

 सीफिस बहिणीला दिलेला गुपिताचा शब्द पाळत उभा होता. दाजी, म्हणाला फक्त, आणि फडक्यात तोंड पुसलं.

आर्गिरो उठली, पण दाराकडे गेली नाही. आईवडील गेल्यावर माहेर म्हणून तिला एवढंच उरलं होतं, हा घाणा आणि हा फडकंवाला माणूस.

"मनूसोस, खाली बस," ती म्हणाली. "बाटलीतलं तेल याचं आहे. एकतीस वर्षं तू याचंच खातोयस आणि आपल्या झाडांचं कौतुक करतोयस."

तो बसला. बाटली उचलून हुंगली. मग अगदी बारीक आवाजात त्यानं विचारलं, "आणि आपलं?"

"आपल्याचा साबण करते मी," आर्गिरो म्हणाली. "गावात तुझ्याइतका पांढरा सदरा दुसऱ्या कुणाचा आहे का, सांग."